नाक बसवणारा कुंभार

ऑक्टोबर १७९४ मध्ये लंडनच्या ‘जंटलमन्स मॅगझिन’ या मासिकात एका मराठी माणसाचं चित्र छापून आलं. कपाळावर मोठा व्रण, आणि त्याखाली नीट दिसणारं, पण मूळचं नसलेलं नाक. बाजूला छोट्या आकृत्या: मेणाचा पत्रा कसा कापायचा, कपाळावर रेघ कुठून मारायची. सोबत ‘बी. एल.’ अशी आद्याक्षरं असलेलं एक पत्र. या माणसाचं नाक कसं गेलं आणि कसं परत आलं, याची हकिकत त्यात होती.

मजकूर दोन पानांच्या आसपासचा, पण त्यात नावं भरपूर आहेत. रुग्णाचं नाव आहे. ज्याने नाक कापायला लावलं त्या टिपू सुलतानाचं आहे. ही शस्त्रक्रिया डोळ्यांनी पाहिलेल्या दोन इंग्रज डॉक्टरांची आहेत. मूळ चित्र काढणारा जेम्स वेल्स हा चित्रकारही आपल्याला माहीत आहे. सवाई माधवराव आणि नाना फडणवीस यांचं प्रसिद्ध चित्र त्याचंच. नाव नाही ते एकाच माणसाचं. ज्याने नाक बसवलं, त्याचं. तो पुण्याजवळ राहणारा, विटा पाडणाऱ्या जातीचा माणूस होता, एवढंच पत्र सांगतं. म्हणजे बहुधा कुंभार.

‘प्लास्टिक सर्जरीचा शोध भारतात लागला’ हा फॉरवर्ड आपल्या सगळ्यांच्या फॅमिली ग्रुपवर वर्षातून एकदा तरी येतो. त्यात सुश्रुत असतो, हजारो वर्षं असतात, हात जोडलेले इमोजी असतात. हा कुंभार नसतो. आणि जगाने ही शस्त्रक्रिया प्रत्यक्षात कुणाकडून उचलली हे तारखा लावून पाहिलं, तर या कुंभाराला वगळून गोष्ट पुरी होत नाही.

बैलांमागचा माणूस

पत्रात रुग्णाचं नाव ‘कावसजी’ असं येतं आणि जात शेतकरी मराठा अशी. कावसजी हे पारशी नाव. कुणबी-मराठा माणसाचं हे नाव कसं? माझा अंदाज असा, की तो कावजी किंवा कोवजी असावा आणि इंग्रजी कानाने त्याला ओळखीच्या साच्यात बसवलं असावं. म्हणजे ज्याचं नाव नोंदलं गेलं, त्याचंही धड नोंदलं गेलं नाही. तरी पुढे मी त्याला कावसजीच म्हणतो, कारण जगभरच्या वैद्यकीय पुस्तकांत तो त्याच नावाने राहिला आहे.

तिसऱ्या इंग्रज-म्हैसूर युद्धात, म्हणजे १७९० ते १७९२ या काळात, इंग्रज, निजाम आणि पेशवे एका बाजूला होते आणि टिपू दुसऱ्या. कावसजी इंग्रजांच्या फौजेत बैल हाकत असे. आज हे काम किरकोळ वाटेल. पण त्या काळच्या फौजेत तोफा, दारूगोळा, धान्य हे सगळं बैलांच्या मानेवर चालायचं. मे १७९१ मध्ये लॉर्ड कॉर्नवॉलिस श्रीरंगपट्टणच्या तोंडाशी पोचला होता. तिथून त्याला स्वतःच्या मोठ्या तोफा नष्ट करून माघारी फिरावं लागलं, कारण बैल मेले होते आणि धान्य संपलं होतं. परतीच्या वाटेवर हरिपंत फडके आणि परशुरामभाऊ पटवर्धन यांच्या मराठी फौजा भेटल्या, त्यांच्या छावणीतल्या भरलेल्या बाजाराने इंग्रज सैन्य तगलं. अशा युद्धात बैलवाल्याला पकडणं म्हणजे शत्रूची रसद तोडणं.

कावसजी टिपूच्या हाती सापडला. त्याचं नाक आणि एक हात कापून त्याला सोडून दिलं. कापलेलं नाक घेऊन छावणीत परतलेला माणूस बाकीच्या बैलवाल्यांना काय सांगत असेल, ते न बोलताच कळण्यासारखं आहे. ही हकिकत इंग्रजांनी छापली आणि टिपू त्यांचा शत्रू होता, हे वाचताना लक्षात ठेवलं पाहिजे. टिपूचा क्रूरपणा लंडनला दाखवणं त्यांच्या सोयीचंच होतं. पण नाक कापण्याची शिक्षा काही एकट्या टिपूची नव्हती. ती या देशात फार जुनी होती.

वर्षभराहून जास्त काळ कावसजी बिननाकाचा राहिला. मग १७९३ च्या मार्चच्या सुमाराला त्याने पुण्याजवळ नवीन नाक बसवून घेतलं. वेल्सने त्याचं चित्र काढलं ते त्यानंतर दहा महिन्यांनी, जानेवारी १७९४ मध्ये. तोवर कंपनीने त्याला पेन्शन बांधून दिली होती. नाक परत आलं, हात मात्र आला नाही.

मेणाचं नाक

मुंबई इलाख्यातले थॉमस क्रूसो आणि जेम्स फिंडले या दोन डॉक्टरांनी ही शस्त्रक्रिया पाहिली होती, असं पत्रात आहे. त्यांनी सांगितलेली रीत अशी.

आधी मेणाचा पातळ पत्रा घेऊन तो नाकाच्या उरलेल्या खुंटावर बसवायचा आणि चांगलं दिसेल असं नाक घडवायचं. मग ते मेणाचं नाक काढून सपाट करायचं आणि कपाळावर ठेवायचं. त्याच्या कडेने रेघ मारायची. मेणाचं काम इथे संपलं. आता त्या रेघेवरून कपाळाची कातडी सोडवायची, पण पूर्ण नाही. दोन डोळ्यांच्या मध्ये एक अरुंद पट्टी जोडलेली ठेवायची. नाकाच्या खुंटावरचा जुना व्रण खरवडून ताजा करायचा, त्यामागे नाकपुड्यांच्या कडेने वरच्या ओठापर्यंत चीर द्यायची. कपाळाची कातडी खाली आणायची, अर्धा पीळ देऊन फिरवायची म्हणजे बाहेरची बाजू बाहेरच राहते, आणि तिच्या कडा त्या चिरेत खोचायच्या.

टाके नाहीत. पाण्यात मऊ केलेला कात कापडाच्या पट्ट्यांवर फासायचा आणि अशा पाच-सहा पट्ट्या एकावर एक चिकटवायच्या. हा कात म्हणजे विड्याच्या पानाला लावतो तोच. तो तुरट असतो, वाळला की घट्ट धरतो. चार दिवसांनी तो काढून तुपात भिजवलेल्या कापडाच्या पट्ट्या. पहिले पाच-सहा दिवस रुग्णाने उताणं झोपायचं. दहाव्या दिवशी नाकपुड्यांत मऊ कापडाचे बोळे घालायचे, म्हणजे भोकं बुजत नाहीत. आणि साधारण पंचविसाव्या दिवशी ती डोळ्यांमधली पट्टी कापून टाकायची, थोडी कातरकूस करून नाक नीट दिसेल असं करायचं.

मी दिवसभर कोड लिहितो, शरीरशास्त्राशी माझा संबंध बारावीच्या जीवशास्त्रापुरता. पण हे वर्णन पहिल्यांदा वाचलं तेव्हा मेणाच्या पायरीपाशी मी थांबलो. तुम्ही व्हिडिओ गेम खेळत असाल तर त्यातल्या प्रत्येक चेहऱ्यावर कातडीचं चित्र चढवलेलं असतं. त्यासाठी त्या त्रिमितीय चेहऱ्याची साल काढून ती सपाट पसरावी लागते, म्हणजे सपाट चित्रातला कुठला तुकडा गोल चेहऱ्यावर कुठे बसेल ते कळतं. संत्र्याची साल टेबलावर पसरावी तसं. आम्ही याला यूव्ही अनरॅपिंग म्हणतो आणि त्यासाठी सॉफ्टवेअर वापरतो. नाक हे उंचवट्यांचं, वळणांचं; कपाळ जवळजवळ सपाट. उंच आकारासाठी सपाट तुकडा किती आणि कोणत्या आकाराचा लागेल, हा प्रश्न कुंभाराने मेणाच्या पत्र्याने सोडवला. दिवसभर मातीला आकार देणाऱ्या हाताला हा उपाय सुचावा यात नवल नाही.

कपाळच का?

कातडीचा तुकडा एका जागेवरून पूर्ण काढून दुसरीकडे डकवला, तर तो सहसा जगत नाही. पातळ पापुद्रा असेल तर खालच्या रक्तावर तगतो, पण नाक उभं करण्याइतकी जाड कातडी रक्ताशिवाय काळी पडून गळते. म्हणून ती डोळ्यांमधली पट्टी महत्त्वाची. नवी जागा रक्त द्यायला लागेपर्यंत जुनी वाट चालू ठेवायची. नवीन सर्व्हर नीट चालतोय याची खात्री होईपर्यंत जुनी लाइन तोडायची नाही, हा आमच्या धंद्यातला पहिला धडा आहे. इथे ती खात्री व्हायला पंचवीस दिवस लागायचे.

पण पट्टी कुठेही ठेवून चालत नाही. भुवईच्या आतल्या टोकापाशी, चेहऱ्याच्या मध्यरेषेपासून साधारण दोन सेंटीमीटरवर, डोळ्याच्या खोबणीतून एक बारीक धमनी बाहेर येते आणि कपाळावर सरळ वर चढते. नाकाच्या बाजूने वर येणाऱ्या रक्तवाहिन्याही तिथेच तिला भेटतात. म्हणजे कुंभाराने सोडलेली अरुंद पट्टी नेमकी जिथून रक्त येतं तिथेच होती. या धमनीचं नाव त्याला माहीत असण्याचं कारण नाही. पट्टी इथे ठेवली की नाक जगतं, तिथे ठेवली की सडतं, हे पिढ्यानपिढ्यांच्या रुग्णांनी शिकवलेलं असणार.

चेहऱ्याला, विशेषतः नाकाला, रक्त किती येतं याचा अनुभव आपल्याकडे उन्हाळ्यात कुणालाही येतो. मुलाचा घोळणा फुटतो आणि शर्ट लाल होतो. नाकाच्या मधल्या पडद्याच्या पुढच्या भागात चार-पाच रक्तवाहिन्यांचं जाळं अगदी वरच्या थराला असतं. कोरड्या हवेने अस्तराला खपली धरते, बोट लागलं की फुटतं. (डोकं मागे टाकू नका. पुढे वाकून नाकाचा मऊ भाग दहा मिनिटं चिमटीत घट्ट धरा.) हाच भरपूर रक्तपुरवठा कावसजीच्या कामी आला. टाके नाहीत, प्रतिजैविकं नाहीत, तरी जखम भरली.

आता आपलंच नाक बोटाने दाबून पाहा. वरचा भाग कडक लागतो, ते हाड. खालचा लवचीक, ती कूर्चा. या सांगाड्यावर बाहेरून कातडी आणि आतून ओलं अस्तर. म्हणजे तीन थर. आतल्या दोन्ही भिंतींवर गुंडाळ्यांसारखे उंचवटे असतात; आत जाणारी हवा त्यांना घासत जाते, ऊबदार आणि ओली होते, धूळ अडकते. नाकाचा तळ म्हणजेच तोंडाची टाळू. सर्दी झाली की चवही जाते आणि आवाजही बदलतो. बाहेरचं नाक गेलेल्या माणसाला नुसतं तोंड लपवावं लागत नाही. उघड्या पडलेल्या अस्तरावर कोरडी हवा आपटते, खपल्या धरतात, श्वास घेताना त्रास होतो.

कुंभाराने तीनपैकी बाहेरचा थर परत आणला. मधला सांगाडा नाही, आतलं अस्तर नाही. कातडीची आतली बाजू उघडी राहिली की ती आक्रसते, भोकं बुजायला लागतात. दहाव्या दिवशीचे कापडाचे बोळे यासाठीच होते. उरलेल्या दोन थरांचा हिशेब पुढची दीडशे वर्षं चालला.

पान आणि मेण

मग सुश्रुताचं काय? सुश्रुतसंहितेच्या सूत्रस्थानात, सोळाव्या अध्यायात, कापलेलं नाक जोडायची कृती खरोखर आहे. कापलेल्या नाकाएवढं झाडाचं पान घ्यायचं, त्या मापाने गालाची कातडी सोडवायची, एका टोकाला जोडलेली ठेवायची, नाकावर बसवायची. नाकपुड्यांत दोन नळ्या घालायच्या, ज्येष्ठमध वगैरेंचं चूर्ण टाकायचं, कापसाने झाकून वर तिळाचं तेल सोडायचं. मापाचा साचा, एका टोकाला जोडलेली कातडी, उघडी ठेवलेली नाकपुडी: तिन्ही कल्पना इथे आहेत. ग्रंथाच्या काळाबद्दल अभ्यासकांत मतभेद आहेत, पण तो फार जुना आहे यात शंका नाही.

फरक मात्र नीट पाहायला हवा. सुश्रुताने सांगितली ती गालाची कातडी. पुण्याजवळच्या कुंभाराने घेतली ती कपाळाची. गालाची कातडी घेतली तर गालावर व्रण राहतो, तोंडाची बाजू ओढली जाते, आणि पुरेसा मोठा तुकडा मिळणं अवघड. कपाळावर जागा मोठी, रक्त भरपूर, रंग नाकाशी जुळणारा. गालावरून कपाळावर येणं ही मोठी सुधारणा होती. ती कधी, कुठे, कुणी केली हे लिहून ठेवलेलं नाही. हिमाचलमधल्या कांगड्यात नाकं बसवणारी घराणी होती आणि तो वारसा बापाकडून मुलाकडे जायचा. पुण्याचा कुंभार अशाच कुठल्यातरी साखळीतली एक कडी असणार.

आता तारखा लावू. कावसजीची हकिकत लंडनमध्ये छापली १७९४ मध्ये. सुश्रुतसंहिता पहिल्यांदा छापली गेली १८३५-३६ मध्ये, कलकत्त्यात. ती संपादित करणारे पंडित मधुसूदन गुप्त यांनीच १८३६ मध्ये कलकत्ता मेडिकल कॉलेजात मानवी शवाचं विच्छेदन केलं. उच्चवर्णीय हिंदूने प्रेताला सुरी लावली याचा केवढा गाजावाजा झाला! म्हणजे युरोपच्या सर्जनांनी ही शस्त्रक्रिया शिकायला सुरुवात केली तेव्हा सुश्रुताचा ग्रंथ अजून पोथीतच होता. त्यांनी ती घेतली ती पोथीतून नाही, जिवंत हातांकडून.

पोथी आणि हात यांच्यामधली ही फारकत मला या गोष्टीचा गाभा वाटते. ज्याला संस्कृत वाचायचा अधिकार होता, त्याला रक्त आणि प्रेत विटाळाचं. ज्याचा हात रक्तात होता, त्याच्यापर्यंत पोथी पोचण्याची वाट नव्हती. तरी विद्या टिकली, वाढली, गालावरून कपाळावर गेली, ती दुसऱ्या माणसाच्या हातात. पण हाताच्या विद्येत नाव लिहायची जागा नसते. शिष्याने काम उचललं तर उचललं, नाहीतर गुरूबरोबर सगळं गेलं.

लंडनचा डॉक्टर

युरोपातही नाकं बसवायची एक रीत होती. बोलोन्याच्या गास्पारे तालियाकोत्सी याने १५९७ मध्ये त्यावर सचित्र ग्रंथ छापला. दंडाची कातडी अर्धवट सोडवायची, ती नाकाला जोडायची आणि काही आठवडे हात तसाच डोक्याला बांधून ठेवायचा. तेव्हा युरोपात सिफिलिसने नाकं झडत होती, तलवारीच्या द्वंद्वात कापली जात होती. गिऱ्हाईकं कमी नव्हती. पण तालियाकोत्सीनंतर ही रीत जवळजवळ लोपली आणि थट्टेचा विषय झाली.

जोसेफ कार्प्यू या लंडनच्या सर्जनने ‘जंटलमन्स मॅगझिन’मधली हकिकत मनावर घेतली. हिंदुस्थानातून परतलेल्या लोकांना विचारलं, प्रेतांवर अनेकदा सराव केला, आणि योग्य रुग्णासाठी वाट पाहिली. ती वीस वर्षांनी संपली. २३ ऑक्टोबर १८१४ रोजी त्याने चेल्सीतल्या यॉर्क हॉस्पिटलमध्ये एका लष्करी अधिकाऱ्याला कपाळाच्या कातडीचं नाक बसवलं. पाऱ्याच्या औषधांनी त्याचं नाक गेलं होतं. भूल द्यायचं तंत्र यायला अजून बत्तीस वर्षं होती, त्यामुळे सगळं रुग्ण जागा असतानाच. ते जमलं. दुसऱ्या रुग्णाचं नाक अल्बुएराच्या लढाईत तलवारीने कापलं गेलं होतं, तेही जमलं. १८१६ मध्ये कार्प्यूने दोन्हींचं पुस्तक काढलं. दोन वर्षांनी बर्लिनच्या ग्रेफेने आपल्या पुस्तकाला ‘ऱ्हायनोप्लास्टिक’ हे नाव दिलं, आणि आज नाकाच्या सौंदर्य शस्त्रक्रियेच्या इन्स्टाग्राम जाहिरातींत दिसणारा ‘ऱ्हायनोप्लास्टी’ हा शब्द त्यातूनच रुजला.

कार्प्यूने श्रेय हिंदुस्थानाला दिलं. ही रीत पुढे ‘इंडियन मेथड’ म्हणूनच ओळखली गेली. श्रेय देशाला मिळालं, आणि देशाच्या नावात तो माणूस विरघळून गेला.

कापली जायची कुणाची?

युद्धातल्या बैलवाल्याचं चित्र छापलं गेलं म्हणून आपल्याला वाटतं, नाक कापणं ही युद्धातली गोष्ट. पण नाशिक हे नावच शूर्पणखेच्या नाकावरून पडलं, असं आपण लहानपणापासून ऐकतो. ‘घराण्याचं नाक कापलं’ हे आजही सहज बोललं जातं, आणि बहुतेक वेळा कुठल्यातरी मुलीने स्वतःच्या मनाने लग्न केल्यावर. एकोणिसाव्या शतकातल्या डॉक्टरांच्या नोंदींत संशयी नवऱ्यांनी नाक कापलेल्या बायका पुन्हा पुन्हा येतात. वाक्प्रचार होण्याआधी ती प्रत्यक्ष सुरी होती.

जुनागढचे डॉक्टर त्रिभुवनदास मोतीचंद शहा यांनी १८८९ मध्ये शंभर नाकांच्या शस्त्रक्रियांचं पुस्तक छापलं. त्या भागात कादू मकराणी या बंडखोराची टोळी लोकांची नाकं कापत असे आणि त्रिभुवनदास ती बसवत. होळकरांच्या इंदूरमध्ये डेनिस कीगन या सर्जनने अशाच पुष्कळ शस्त्रक्रिया केल्या आणि १९०० मध्ये त्यांवर पुस्तक लिहिलं. कुंभाराने सोडलेल्या आतल्या थराकडे कीगनने लक्ष दिलं. नाकाच्या उरलेल्या भागावरची कातडी उलटी करून त्याने आतलं अस्तर बनवलं आणि मग वरून कपाळाची कातडी घातली. अस्तर मिळाल्यावर नाक आक्रसणं कमी झालं.

आतून कोसळलेलं नाक

अस्तराचं महत्त्व सगळ्यात नीट कळलं ते कुष्ठरोगात. कुष्ठरोगाच्या जंतूंना शरीराच्या थंड जागा मानवतात, आणि सतत हवा खेळणारं नाकाचं अस्तर त्यांना सोयीचं. उपचार न झालेल्या रुग्णांत अस्तर सडतं, मधला पडदा झिजतो, आणि सगळं आतून ओढलं जाऊन नाक बसतं. बाहेरची कातडी बहुतेक वेळा शाबूत असते. म्हणजे कावसजीच्या नेमकी उलट अवस्था.

पहिल्या महायुद्धातल्या सैनिकांचे चेहरे घडवणाऱ्या हॅरल्ड गिलिज यांनी सिफिलिसने बसलेल्या नाकांबद्दल हे ओळखलं होतं: आतून आक्रसलेलं अस्तर सोडवा आणि तिथे पातळ कातडी लावा, नाक पुन्हा वर येतं. त्यांच्या हाताखाली शिकलेले डॉ. नोशीर अंतिया १९५० च्या दशकात भारतात परतले आणि त्यांनी हे ज्ञान कुष्ठरोग्यांसाठी वापरलं. त्यांच्या कामाची सुरुवात पुण्याजवळच्या कोंढव्याच्या कुष्ठरोग रुग्णालयातून झाली. कपाळावर व्रण न ठेवता, आतून उभं केलेलं नाक. बसकं नाक ही कुष्ठरोगाची ओळख होती. रोग बरा झाला तरी ते नाक पाहून माणसाला गावात घेत नसत, काम देत नसत. नाक सरळ झालं की तो माणूस एसटीत बसू शकत होता.

अंतियांनी पुढे मुंबईच्या जे. जे. रुग्णालयात प्लास्टिक सर्जरीचा विभाग उभा केला. पण त्यांनी आयुष्यात आणखी एक काम केलं, आणि मला ते नाकांइतकंच महत्त्वाचं वाटतं. १९७० च्या दशकात अलिबागजवळच्या मांडवा परिसरात त्यांनी फारसं न शिकलेल्या गावातल्या बायकांना आरोग्यसेवेचं काम शिकवलं. क्षय, कुष्ठरोगाचे रुग्ण ओळखणं, औषधं देणं, बाळंतिणींकडे लक्ष ठेवणं. हे काम डॉक्टरशिवाय होणार नाही असं जे जे मानलं जात होतं, त्यातलं पुष्कळसं या बायकांनी नीट केलं. अनेकांना ते रुचलं नाही. डॉक्टरीचं ज्ञान डॉक्टरांच्या बाहेर जाणं हे प्रतिष्ठेला धक्का देणारं असतं, तेव्हाही आणि आताही.

नाव कुणाचं

माझ्या कामात प्रत्येक ओळ कुणी लिहिली याची नोंद राहते. दहा वर्षांपूर्वी कंपनी सोडून गेलेल्या माणसाचं नावही त्या ओळीशेजारी दिसतं. त्यामुळे असेल, पण १७९४ चं ते पत्र वाचताना मोकळी जागा खटकत राहते. लिहिणाऱ्याला मेणाचा पत्रा किती पातळ, काताच्या पट्ट्या किती, पट्टी कितव्या दिवशी कापायची, सगळं नोंदावंसं वाटलं. करणाऱ्याला ‘तुझं नाव काय?’ विचारून लिहावंसं वाटलं नाही. ही नुसती इंग्रजांची चूक म्हणून सोडता येत नाही. आपणही आज अभिमानाने सांगतो तेव्हा ग्रंथाचं नाव घेतो, ऋषीचं घेतो. कारण ग्रंथ आपल्याला ज्ञान वाटतो, आणि कुंभाराचं काम आपल्याला कसब वाटतं.

अभिमान वाटायला हरकत नाही. फक्त तो कशाचा, हे ठरवावं लागेल. तो जुन्या पोथीचा असेल तर पुण्याजवळच्या त्या माणसाची गरज नाही. तो शिकण्या-शिकवण्याचा असेल, तर विचारावं लागेल की जातीच्या भिंतीत अडकलेली आणखी किती कसबं नोंद न होताच संपली. आजही हाडं बसवणारे, सुईणी, मूर्तिकार यांच्याकडे हाताचं ज्ञान आहे. त्यातलं काही चुकीचं, काही धोकादायक, काही मोलाचं. कुठलं कसं, हे तपासायचं तर आधी त्यांना नावानिशी विचारावं लागतं.

शस्त्रक्रिया मात्र संपली नाही. त्वचेच्या कॅन्सरमुळे नाकाचा मोठा भाग काढावा लागलेल्या रुग्णाला आजही कपाळाची कातडी दिली जाते. आता तिन्ही थर भरले जातात: अस्तर वेगळं, सांगाड्यासाठी कान किंवा बरगडीची कूर्चा, वरून कपाळ. भूल असते, प्रतिजैविकं असतात, बारीक टाके असतात. मापासाठी सर्जन पातळ पत्र्याचा साचा कापून कपाळावर ठेवतो आणि कडेने पेनाने रेघ मारतो. भुवईपाशी पट्टी जोडलेली ठेवतो. साधारण तीन आठवड्यांनी रुग्णाला परत बोलावतो आणि ती कापतो.